‘सर, काहीतरी बघा ना’

विषयाची ओळ रिकामी. मजकूर चार शब्दांचा : ‘सर सेंड मी नोट्स’. खाली नाव नाही, वर्ग नाही, रोल नंबर नाही. ईमेल पत्त्यात ‘रॉयल’ आणि ‘किंग’ हे शब्द आणि पुढे जन्मसालाचे दोन आकडे. वेळ रात्रीची ११.५२. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाच्या इनबॉक्समध्ये असे मेल पडलेले असतात. पूर्वी ते स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाचून दाखवले जायचे. आता स्क्रीनशॉट काढायचा, नाव झाकायचं (काही जण तेवढीही तसदी घेत नाहीत) आणि ग्रुपवर टाकायचा. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागते.

मीही शिकवतो, एका तालुक्याच्या गावी, कला शाखेच्या मुलांना. हा लेख म्हणजे मुलांच्या मेलची गंमत असेल अशा अपेक्षेने कुणी आलं असेल, तर त्याची थोडी निराशा होईल. इथे येणारे मेल कुणा एकाचे नाहीत. बऱ्याच मेलचे तुकडे जोडून, तपशील बदलून लिहिलेले आहेत. ज्या गोष्टीबद्दल कुरकुर करायची तीच लेखात करू नये, एवढंच कारण.

प्रश्न असा आहे : वाईट लिहिलेला किंवा अवाजवी मागणी करणारा मेल आला, तर वाचणाऱ्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते? ‘वाईट लिहिलेला’ आणि ‘अवाजवी’ हे दोन शब्द आम्ही शिक्षक एका दमात उच्चारतो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ‘सर सेंड मी नोट्स’ हा मेल वाईट लिहिलेला आहे. पण मागणी काय आहे? शिक्षकाने वर्गात दिलेल्या नोट्स. यात अवाजवी काय? याउलट तीन परिच्छेदांचा, स्वच्छ इंग्रजीतला, ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल मी ऋणी आहे’ असं सांगत सांगत शेवटच्या ओळीत अंतर्गत मूल्यमापनाचे ३० पैकी १९ गुण २६ करता येतील का असं विचारणारा मेल अवाजवी आहे, आणि तो कुणीही ग्रुपवर टाकत नाही. पहिल्या मुलाला उत्तर मिळत नाही. दुसऱ्याला निदान नकाराचं, पण सविस्तर उत्तर मिळतं. कधी कधी २२ गुणही मिळतात.

आधी भाषेकडे बघू, कारण तिथे बरंच काही दडलेलं आहे.

मराठीत ‘प्लीज’ला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. ‘कृपया’ आहे, पण तो पाटीवरचा. कृपया चपला बाहेर काढाव्यात, कृपया शांतता राखावी. घरात कुणी ‘कृपया मीठ द्या’ म्हणालं तर सगळे जेवायचे थांबून त्याच्याकडे बघतील. आपली नम्रता क्रियापदाच्या शेपटीत आणि त्याच्या आसपासच्या बारक्या शब्दांत असते. दे, द्या, द्या ना, जरा देता का, द्याल का, द्यावे ही विनंती. ‘सर, नोट्स पाठवा ना’ या वाक्यातला ‘ना’ एवढासा आहे, पण अख्खी विनंती त्याच्या खांद्यावर आहे. तो काढला की हुकूम उरतो. आणि इंग्रजीत जाताना नेमका तोच गळतो, कारण इंग्रजीत त्याला जागाच नाही. ‘सर सेंड मी नोट्स’ लिहिणारा मुलगा मनात ‘सर, नोट्स पाठवा ना’ म्हणत असतो. हे मी अंदाजाने सांगत नाही. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठतो, पायरीवर अर्धा वळून उभा राहतो आणि इतक्या हळू आवाजात तेच मागतो की दोनदा विचारावं लागतं.

मग तो मराठीत का लिहीत नाही? कारण मेल इंग्रजीतच लिहायचा असतो असं त्याला वाटतं, आणि तसं वाटण्याला आम्हीच कारण आहोत. सूचना इंग्रजीत, अर्जाचे नमुने इंग्रजीत, विद्यापीठाची परिपत्रकं निम्मी इंग्रजीत. त्याच्याकडे असलेलं औपचारिक इंग्रजी शाळेतल्या रजेच्या अर्जापुरतं असतं. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट’. ही इंग्रजी साहेबाच्या कचेरीतली भाषा. साहेब गेला, कचेरी राहिली. ‘डू द नीडफुल’ हेही तिथलंच. परदेशी प्राध्यापकाला ते उद्धट वाटतं. आपल्याकडे लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ इतका अदबशीर असतो. (महिला प्राध्यापकांना ‘रिस्पेक्टेड सर’ हा मायना मिळतो तो वेगळाच विषय. पण नमुना जिथून उचलला तिथे ‘सर’च होतं, हे त्यामागचं कारण.)

आयरिस मर्डॉक या कादंबरीकार आणि तत्त्वज्ञ बाईंनी एक उदाहरण दिलं आहे. त्यांच्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या १९७० सालच्या पुस्तकात ते सापडतं. एक सासू आहे. तिला सून आवडत नाही. मुलगी मनाने चांगली असेल, पण जरा आगाऊ, पोरकट, रीतभात नसलेली. तिचं बोलणं, कपडे, सगळंच खटकतं. सासू मात्र सभ्य बाई आहे. वागण्यात ती काहीही जाणवू देत नाही. मग सून परदेशी जाते किंवा मरण पावते असं समजा, म्हणजे आता वागणुकीचा प्रश्नच उरत नाही. तरीही सासू स्वतःशी विचार करते : मी जुन्या वळणाची आहे, कदाचित मला मत्सरही वाटत असेल, मी पुन्हा एकदा नीट बघते. आणि हळूहळू तिला तीच मुलगी वेगळी दिसू लागते. आगाऊ वाटत होतं ते मोकळेपण होतं, पोरकट वाटत होतं तो तरुणपणाचा उत्साह होता. बाहेर काहीही बदललेलं नाही. बदल झाला तो फक्त बघण्यात. मर्डॉकबाईंचं म्हणणं असं की हे नुसतं मत बदलणं नाही, ही नैतिक कृती आहे. नीतीचं बरंचसं काम आपण काही ‘करण्या’च्या आधीच, बघण्याच्या पातळीवर होऊन गेलेलं असतं.

सासू-सुनेचं उदाहरण इंग्लंडमधल्या बाईंनी घेतलं याची आपल्याला गंमत वाटते, पण मेल वाचण्याला ते चपखल बसतं. रात्री ११.५२ला आलेला मेल पहिल्या नजरेत बेशिस्त दिसतो. दुसऱ्यांदा बघितलं तर लक्षात येतं की घरात एक स्मार्टफोन आहे, तो वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा आहे, आणि तो याच्या हाती सगळे झोपल्यावर येतो. विषयाची ओळ रिकामी, कारण व्हॉट्सअॅपवर विषयाची ओळ नसते आणि या मुलाने आयुष्यात जेवढं पत्रलेखन केलं ते सगळं तिथे. नाव लिहिलेलं नाही, कारण व्हॉट्सअॅपवर आपलं नाव समोरच्याला दिसतंच, मग पुन्हा काय लिहायचं?

दुसऱ्यांदा बघितल्यावर नेहमी चांगलंच दिसेल असं मात्र नाही. कधी कधी नीट बघितल्यावर पहिल्यापेक्षा वाईट दिसतं. तो ऋणी असलेला, सुरेख इंग्रजीतला मेल दुसऱ्या वाचनात टिकत नाही.

अमेरिकेत ही चर्चा वीस वर्षांपूर्वीच झाली. २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विद्यार्थ्यांच्या ईमेलवर मोठी बातमी केली होती. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गणिताच्या एका प्राध्यापिकेला आलेल्या मेलचा उल्लेख होता : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारलं होतं की मी बाइंडर विकत घेऊ की वही? आम्ही काय यासाठी आहोत का, असा बातमीचा सूर. मला ती बातमी वाचून आमच्याकडे दर वर्षी येणारा प्रश्न आठवला : ‘सर जर्नल १०० पानी घ्यायचं का २०० पानी?’ आमच्याकडे हा प्रश्न अतिशय वाजवी आहे. वेगळ्या मापाचं जर्नल आणलं म्हणून सबमिशनच्या दिवशी परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रश्न मूर्खपणाचा की शहाणपणाचा हे ठरतं ते विचारणाऱ्याला आधी काय ठाऊक असू शकतं यावर. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याला आपण ‘हे सगळ्यांनाच माहीत असतं’ म्हणतो तेव्हा ‘सगळे’ म्हणजे कोण?

०००

इतकं लिहिल्यावर माझ्या एका सहकारी मॅडम म्हणतील (त्यांनी हे मला तोंडावर अनेकदा सांगितलं आहे) की तुम्ही फार मऊ आहात. मुलं उद्या नोकरीला लागतील, तिथे ‘ना’ गळाला होता हे कुणी समजून घेणार नाही. रीत शिकवायलाच हवी. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण त्यांच्यापेक्षा वेगळ्या कारणाने.

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मायन्यांचं केवढं शास्त्र होतं! हेमाडपंतांच्या नावाशी जोडलेलं ‘मेस्तक’ म्हणजे कुणाला कसं पत्र लिहावं, कोणता मायना, कोणता शेवट याचे नियम. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत त्याचा शेपूट पोचला होता : तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, लोभ असावा. आज आपण त्याला हसतो. पण त्यात एक सोय होती. ज्याचा हात थरथरतोय, ज्याला कशी सुरुवात करावी ते सुचत नाही, त्याच्यासाठी पहिल्या दोन ओळी आणि शेवटची ओळ तयार असायची. मधे फक्त काम लिहायचं. रीत ही वरच्याने खालच्याला दूर ठेवण्यासाठी वापरता येते, तशी भिडस्त माणसाला दारातून आत घ्यायलाही वापरता येते. ती सगळ्यांना शिकवली आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. रीत शिकवायची नाही आणि ती येत नाही म्हणून हसायचं, हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. मी आता जूनमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर मेलचा नमुना लिहितो : विषय, नाव, वर्ग, काम, आभार. मराठीत. दहा मिनिटं जातात. ‘नोट्स पाठवा ना’ हे मराठीत लिहिलं तरी चालेल, हे ऐकून वर्गात जो हलकेपणा येतो तो बघण्यासारखा असतो.

पूर्वी ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी पोस्टाबाहेर पत्र लिहून देणारे बसायचे. मुंबईत जीपीओसमोर ताडपत्रीखाली त्यांची रांगच होती. गावाकडे पैसे पाठवणारे हमाल, गिरणी कामगार, कामाठीपुऱ्यातल्या बायका त्यांच्याकडून पत्रं आणि मनीऑर्डरी लिहून घेत. आज ते काम चॅटजीपीटी करतं. २०२३ पासून माझ्या इनबॉक्समधले मेल एकाएकी सुधारले. ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल.’ स्पेलिंग बरोबर, परिच्छेद बरोबर, विषयाची ओळ भरलेली. मागणी तीच. पोस्टाबाहेरचा माणूस आणि हे यंत्र यांत मला एक फरक दिसतो : समोर बसलेल्या बाईचं काम काय आहे हे त्या माणसाला डोळ्यांनी दिसत असे, आणि असं मागणं बरं दिसणार नाही, हेही तो सांगू शकत असे. यंत्र सहसा असं काही अडवत नाही. ३० पैकी ३० मागितले तरी ते तितक्याच अदबीने मागून देतं. त्यामुळे वाईट लिहिलेला मेल जवळजवळ संपत आला आहे आणि अवाजवी मेल मात्र इस्त्री करून येतो आहे. खरं सांगायचं तर मला जुने मेल आठवतात. त्यांच्यात माणूस दिसायचा.

०००

आता अवाजवीपणाकडे येतो. इथे नम्रता, भाषा, ‘ना’ वगैरे काही कामाचं नाही. प्रश्न न्यायाचा आहे.

‘सर, काहीतरी बघा ना.’ हे वाक्य परीक्षेच्या काळात मी किती वेळा ऐकतो याची मोजदाद नाही. हजेरी ७५ टक्के हवी, माझी ५८ आहे, काहीतरी बघा ना. असाइनमेंटची तारीख गेली, काहीतरी बघा ना. एका विषयाने एटीकेटी लागतेय, काहीतरी बघा ना. या वाक्याची गंमत अशी की त्यात नेमकं काय करा हे सांगितलेलं नसतं. काय करायचं ते तुम्ही ठरवा, आणि जे कराल त्याची जबाबदारीही तुमचीच. आपल्याकडे तलाठी कार्यालयापासून आरटीओपर्यंत कुणीतरी ‘काहीतरी बघतं’, मुलांनी घरात हेच ऐकलेलं असतं. नियम हा भिंतीसारखा नसून दारासारखा आहे, फक्त कडी कुणाच्या हातात आहे ते शोधायचं, हे त्यांना आपणच शिकवलं. त्यांच्या मागणीला अवाजवी म्हणताना हे विसरू नये.

कधी कधी पुढे एक वाक्य येतं : ‘कुणाला सांगणार नाही सर.’ मुलाला वाटतं की यामुळे मागणी सोपी झाली. माझ्या मते मागणीचा निकाल तिथेच लागतो. इमॅन्युएल कान्टने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला, त्याच्या परिशिष्टात एक कसोटी आहे. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेली जी कृती जाहीर केली तर फसेल, ती कृती अन्यायाची. म्हणजे ज्या गोष्टीचं चालणं ती लपवण्यावरच अवलंबून आहे, तिच्यात कुणावर तरी अन्याय होतोय. कान्ट राज्यांच्या व्यवहाराबद्दल बोलत होता, पण त्याची कसोटी ६० मुलांच्या वर्गाला तशीच्या तशी लागू पडते. वर्गात फळ्यासमोर उभं राहून मला सांगता येईल का की मी अमुकला चार गुण वाढवून दिले आणि का? ‘तिला डेंग्यू झाला होता म्हणून मुदत वाढवून दिली’ हे मी सांगू शकतो. कुणी नाराज होणार नाही, आणि उद्या दुसऱ्याला डेंग्यू झाला तर तोही येईल. ‘त्याने सात मेल केले म्हणून दिले’ हे मी सांगू शकत नाही.

नियम म्हणजे नियम, एवढं म्हणूनही भागत नाही. अॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात म्हटलं आहे की कायदा सर्वसाधारण शब्दांत लिहावा लागतो, त्यामुळे त्यात न बसणारी माणसं निघणारच, तिथे कायदा दुरुस्त करून लावणं हा न्यायाचाच भाग आहे. तो लेस्बॉस बेटावरच्या बांधकामाची उपमा देतो. तिथले गवंडी शिशाची पट्टी वापरत. दगड जसा असेल तशी ती वाकते. आमच्याकडच्या विद्यापीठांना हे आपल्या परीने कळलेलं आहे. ग्रेसचे गुण असतात ना? एका-दोन गुणांनी नापास होणाऱ्याला वर ओढायचं, पण किती, केव्हा, कोणत्या अटीवर हे लिहून ठेवायचं. म्हणजे दयासुद्धा नियमात बसवलेली. त्यात दयेचा ओलावा थोडा कमी होत असेल, पण ती मिळवण्यासाठी कुणाला मेल लिहावा लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण माझी खरी चिंता मेल न लिहिणाऱ्यांबद्दल आहे.

‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’ असं आपण म्हणतो, आणि ‘भीड ही भिकेची बहीण’ असंही. दोन्ही म्हणी मागायला शिका असं सांगतात. पण मागायला शिकवतं कोण? अॅनेट लारो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी वेगवेगळ्या थरांतल्या कुटुंबांत जाऊन, त्यांच्याबरोबर वेळ घालवून ‘अनइक्वल चाइल्डहुड्स’ हे पुस्तक लिहिलं (२००३). त्यातला एक प्रसंग माझ्या लक्षात राहिला आहे. एक मध्यमवर्गीय आई मुलाला डॉक्टरकडे नेताना गाडीतच सांगते, तुला काय विचारायचंय ते ठरवून ठेव, काहीही विचार. तो मुलगा लहानपणीच शिकतो की मोठ्या खुर्चीतला माणूस आपल्यासाठी आहे आणि त्याला प्रश्न विचारता येतो. गरीब घरातली मुलं याच्या उलट शिकतात : खुर्चीपुढे गप्प राहायचं, सांगतील ते करायचं. २०१९ मध्ये अँथनी अब्राहम जॅक यांनी ‘द प्रिव्हिलेज्ड पुअर’मध्ये दाखवलं की बड्या विद्यापीठात पोचलेल्या गरीब मुलांपैकी अनेकांना प्राध्यापकाचे ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे काय, तेव्हा आपण तिथे जायचं असतं का, हेच ठाऊक नसतं.

आता हे माझ्या वर्गात आणा. मुदत वाढवून मागणारे मेल सहा जणांचे आले. सहाही जणांची कारणं खरी आहेत असं समजू. त्यांना मी आठ दिवस दिले. मला उदार वाटलं. पण उरलेल्या ५४ मध्ये एकजण असा आहे की ज्याच्या घरी कांदा काढणी चालली होती आणि तो पंधरा दिवस पहाटे शेतात होता. त्याने मेल केला नाही. मेल करून मुदत वाढवून मागता येते हेच त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही त्याची जीभ रेटली नाही. त्याने रात्री बसून अर्धीमुर्धी असाइनमेंट वेळेत दिली आणि १० पैकी ४ गुण घेतले. त्या सहा जणांशी मी दयाळूपणे वागलो. पण ६० जणांच्या वर्गात ती दया मागता येणाऱ्यांनाच मिळाली, आणि ती देताना मला या मुलाचा चेहरा दिसलाच नाही.

म्हणून सवलत द्यायचीच तर ती वर्गात जाहीर करून द्यावी असं माझं मत आहे. शेतीचं काम, आजारपण, घरातली अडचण : एका सत्रात एकदा आठ दिवस, कारण एका ओळीत, कुणीही घ्या. यावर आक्षेप आहे, की मग ज्यांना गरज नाही तेही घेतील. घेतात. पाच-सहा जण दर वेळी घेतात. त्याने फार काही कोसळत नाही. तपासायचे कागद आठ दिवस उशिरा येतात, एवढंच.

खोट्या कारणांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. परीक्षेच्या आठवड्यात आजी-आजोबा वारण्याचं प्रमाण वाढतं, हा जगभरच्या प्राध्यापकांचा लाडका विनोद. अमेरिकेत जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकाने त्यावर ‘शोधनिबंध’च लिहिला होता, अर्थात थट्टेचा. हसू येतं. पण त्या विनोदाचं बिल कुणाच्या तरी नावावर फाटतं. ज्याची आजी खरोखर कालच गेली, दहावा व्हायचाय, त्या मुलाला आम्ही मृत्यूचा दाखला आणायला सांगतो. इथे चूक टाळण्याचा मार्ग नाही, कोणती चूक पत्करायची एवढंच हातात आहे. खोटं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला तर मी जरा फसतो, एका असाइनमेंटपुरता. खरं बोलणाऱ्यावर अविश्वास दाखवला तर ज्या दिवशी त्याला आधार हवा त्याच दिवशी मी त्याला आरोपी करतो. दहा अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा नको, हे अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टोनचं सूत्र न्यायालयासाठी होतं. असाइनमेंटसाठी तर प्रमाण याहूनही सैल असायला हरकत नाही. विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेची गोष्ट निराळी. तिथे कागद लागतो आणि तो लागावाच.

एक गोष्ट शिक्षकांच्या बाजूनेही. हे सगळं ‘नीट बघणं’ वेळ खातं. आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, वाचलेल्या मेलचे नाही. आणि तेही महिनोन्महिने उशिरा. दोन-तीन कॉलेजांत मिळून चारशे मुलं असलेल्या माणसाला मर्डॉकबाईंची सासू व्हा असं सांगणं सोपं नाही. रात्री पाऊण वाजता ‘सर रिप्लाय द्या’, मग ‘??’, मग सकाळी फोन, हा प्रकार जाचक आहे, आणि त्याला जाचक म्हणायला काही हरकत नाही. उत्तर कामाच्या दिवशी, दोन दिवसांत, असं सांगून ठेवणं म्हणजे कठोरपणा नव्हे. आणि नकार द्यायचा असेल तर तो द्यावा, कारणासकट, दोन ओळींत. मुलांना नकार पचतो. पचत नाही ती निळी टिक.

आणखी एका प्रकारच्या मेलबद्दल लिहायचं आहे. तो वाईट लिहिलेला नसतो, अवाजवीही नसतो. त्यामुळे वर लिहिलेल्या सगळ्या चाळण्यांतून तो सरळ खाली पडतो.

‘आदरणीय सर, मी सोमवारपासून कॉलेजला येणार नाही. प्रोजेक्टच्या गटातून माझे नाव कमी करावे, म्हणजे बाकीच्यांचे नुकसान होणार नाही. धन्यवाद.’ खाली पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर. जूनमध्ये फळ्यावर लिहिलेल्या नमुन्याप्रमाणे सगळं बरोबर. दुसऱ्या वर्षाची मुलगी, मार्चचा पहिला आठवडा. या मेलला ‘ठीक आहे’ असं उत्तर देता आलं असतं आणि ते उत्तर चुकीचं आहे असं कुणालाही म्हणता आलं नसतं. तिने काही मागितलंच नव्हतं. उलट इतरांची काळजी घेतली होती.

मी लिहिलं की नाव तूर्त कमी करत नाही. परीक्षेचा फॉर्म भरला आहेस का? तीन दिवसांनी उत्तर आलं : हो सर, भरला आहे, लग्न ठरलं आहे. हजेरी तिची तोवर भरपूर होती, त्यामुळे परीक्षेला अडचण नव्हती. गटातल्या मुलींना विचारलं, तर त्यांनीच तिला सर्वेक्षणाचे आकडे फोनवर पाठवले आणि तिने ते वहीत मांडून, फोटो काढून परत पाठवले. मेमध्ये ती पेपर द्यायला आली. सासर साठेक किलोमीटरवर. नवरा तीन तास गेटबाहेर मोटरसायकलवर बसून होता, प्रत्येक पेपरला. ती पास झाली, गुण बरे पडले.

तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशयादीत तिचं नाव नव्हतं. मी मेल पाठवला. विषयाच्या ओळीत प्रवेशाची शेवटची तारीख लिहिली. उत्तर आलं नाही. विलंब शुल्क भरून आणखी आठ दिवस प्रवेश घेता येईल अशी नोटीस लागली, तेव्हा तिचा फोटो काढून दुसरा मेल केला, आणि खाली लिहिलं, रोज यायला जमणार नसेल तर मुक्त विद्यापीठाचाही मार्ग आहे, त्याचा फॉर्म मी पाठवू शकतो.